मैत्रीबंध

मैत्रीबंध : भरतकामाच्या रंगीत दोऱ्यांना हाताने गाठी मारून केलेली अरुंद मनगटपट्टी. ‘फ्रेंडशिप ब्रेसलेट’ हे नाव मराठीतही तसेच रूढ आहे. सुई, हूक किंवा माग यांपैकी काहीच लागत नाही. दोऱ्यांची एका बाजूची टोके एकत्र गाठवून ती सेफ्टी पिनेने उशीला किंवा चिकटपट्टीने टेबलाला घट्ट बसवली की काम सुरू करता येते. मणी ओवून केलेली, वेणीसारखी गुंफलेली आणि मागावर विणलेली ब्रेसलेटेही याच नावाने विकली जातात. २०२३ मध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या ‘एराज’ दौऱ्यात श्रोत्यांनी एकमेकांना दिलेली ब्रेसलेटे मुख्यतः मण्यांची होती. प्रस्तुत नोंद गाठींच्या प्रकारापुरती आहे.

साहित्य : सर्वसाधारणपणे सहापदरी, मर्सराइज्ड (रासायनिक प्रक्रियेने चमकदार व मजबूत केलेला) सुती दोरा वापरतात. त्याची लडी बहुधा ८ मीटरची असते. फ्रान्समधील म्यूलूझ येथे १७४६ मध्ये स्थापन झालेल्या डीएमसी कंपनीचा दोरा जगभर प्रमाण मानला जातो; भारतात अँकर या छापाची लडी अधिक सहज मिळते. भरतकामात या दोऱ्याचे पदर सुटे करून एकदोन पदरांनी टाका घालतात. येथे सहाही पदर एकत्रच ठेवावे लागतात, नाहीतर गाठी बारीक व विरळ बसतात. चकाकणारा रेयॉनचा दोरा घसरत असल्यामुळे शिकणाऱ्याने तो टाळलेला बरा.

गाठीची रचना : कितीही गुंतागुंतीचा नमुना असला, तरी प्रत्येक वेळी शेजारच्या दोनच दोऱ्यांत व्यवहार होतो. एक दोरा ताठ धरायचा आणि दुसरा त्याच्याभोवती बांधायचा. बांधणारा दोरा वर दिसतो; ताठ धरलेला गाठीच्या पोटात लपतो. डावा दोरा उजव्यावरून आडवा नेला की दोहोंचा मिळून चारच्या आकड्यासारखा आकार होतो (अर्थात इंग्रजी चार, देवनागरी ४ डोळ्यांपुढे आणल्यास काहीच उमगत नाही). मग डाव्याचे टोक उजव्याच्या मागून घेऊन मधल्या फटीतून बाहेर काढायचे आणि उजवा दोरा ताठ ठेवून गाठ वर सरकवायची. ही झाली अर्धी गाठ. ती एकटी टिकत नाही. तीच क्रिया पुन्हा केली, म्हणजे दुसरी अर्धी गाठ पहिलीला अडवून धरते व पूर्ण गाठ होते. आता डावा दोरा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेलेला असतो.

या पूर्ण गाठीला ‘फॉरवर्ड’ म्हणतात. उजव्या दोऱ्याने डाव्यावर तशाच दोन अर्ध्या गाठी मारल्या की ‘बॅकवर्ड’. पहिली अर्धी गाठ फॉरवर्डची आणि दुसरी, त्याच दोऱ्याने, उलट दिशेची असेल तर ‘फॉरवर्ड-बॅकवर्ड’, आणि हाच प्रकार उजव्या दोऱ्याने केला तर ‘बॅकवर्ड-फॉरवर्ड’. शेवटच्या दोन प्रकारांत दोरे आपापल्या जागी परततात. शिकवणारे या चार गाठी चार वेगळे धडे म्हणून सांगतात. वस्तुतः प्रत्येक गाठीबाबत दोनच प्रश्न असतात : रंग डाव्याचा दिसणार की उजव्याचा, आणि दोरे जागा बदलणार की नाही. दोन प्रश्नांना प्रत्येकी दोन उत्तरे, म्हणून गाठी चार. पाचवी मूलगाठ संभवत नाही.

गाठशास्त्राच्या दृष्टीने पाहता फॉरवर्ड व बॅकवर्ड या गाठी म्हणजे खांबाला दोर बांधण्याची क्लोव्ह हिच होय. स्काउटांना ती शिकवली जाते. येथे खांबाची जागा शेजारचा दोरा घेतो. परत फिरणाऱ्या दोन्ही गाठी लार्क्स हेड या प्रकारात मोडतात, आणि टॅटिंग या लेसकामाचा मूळ टाकाही तोच आहे. ही तुलना केवळ वर्गीकरणापुरती नाही. टॅटिंगमध्ये बांधणारा धागा मुद्दाम ताणून गाठ दुसऱ्या धाग्यावर उलटवतात. टाका त्याशिवाय सरकत नाही. मैत्रीबंधात नेमके हेच अपघाताने घडते. गाठ आवळताना ताठ धरलेला दोरा सैल पडला आणि बांधणारा ताणला गेला, की वळसा एकावरून दुसऱ्यावर जातो. मग लाल पट्ट्यात मध्येच पांढरा ठिपका उमटतो. रंग चुकला असे वाटून नवशिके दोऱ्यांचा क्रम तपासत बसतात. चूक असते ती ताणात. अशी गाठ पिनेच्या टोकाने सैल करून सोडवता येते. तिच्याखाली दोनतीन ओळी झाल्या असतील, तर त्या सगळ्या उकलाव्या लागतात.

एकच अर्धी गाठ त्याच दिशेने पुनःपुन्हा मारत गेल्यास ती दोऱ्यांच्या जुडीभोवती वळत जाते आणि पट्टीऐवजी पिळाची दोरी तयार होते. ‘चायनीज स्टेअरकेस’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार हाच. त्याचा चीनशी काही संबंध असल्याचे दिसत नाही. चिनी शोभेच्या गाठींची घडण निराळी आहे.

नमुना वाचणे : नमुन्याचा आराखडा हे पट्टीचे चित्र नसते, तो दोऱ्यांच्या वाटांचा नकाशा असतो. तिरप्या गाठींच्या, म्हणजे ‘नॉर्मल’ म्हणवल्या जाणाऱ्या, आराखड्यात वरच्या कडेला प्रत्येक दोऱ्यासाठी एक रंगीत रेघ असते आणि दोन रेघा जेथे भेटतात तेथे वर्तुळ. वर्तुळ म्हणजे एक पूर्ण गाठ. त्यातील बाण उजवीकडे उतरत असेल तर फॉरवर्ड, डावीकडे उतरत असेल तर बॅकवर्ड; मोडलेला बाण परत फिरणारी गाठ दाखवतो. तो ज्या बाजूने निघून त्याच बाजूला खाली येतो, त्या बाजूचा दोरा बांधणारा समजायचा. डावखुऱ्यांसाठी निराळा आराखडा लागत नाही, कारण बाण हाताची नव्हे, दोऱ्याची दिशा सांगतो.

दोऱ्यांची संख्या सम असेल तर गाठींची संख्या एकाआड एक ओळीत बदलते. आठ दोऱ्यांच्या पट्टीत पहिल्या ओळीत चार गाठी येतात. दुसऱ्या ओळीत तीन येतात व कडेचे दोन दोरे नुसतेच खाली उतरतात. विषम संख्येत गाठी प्रत्येक ओळीत सारख्या, परंतु एकदा डावीकडचा दोरा सुटतो, एकदा उजवीकडचा.

शिकण्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘व्ही’च्या आकाराचा नमुना देतात. आठ दोरे डावीकडून लाल, पिवळा, निळा, पांढरा व पुढे त्याच्या उलट क्रमाने पांढरा, निळा, पिवळा, लाल असे मांडावेत. डावा लाल दोरा पिवळा, निळा व पांढरा यांवर तीन फॉरवर्ड गाठी मारत मध्यापर्यंत येतो; उजवा लाल तीन बॅकवर्ड मारत त्याला येऊन मिळतो; मध्यावर दोन्ही लालांची एक गाठ. सात गाठींत एक ‘व्ही’ पुरा होतो. आता कडेला पिवळा आलेला असतो. चार ‘व्ही’ झाल्यावर लाल पुन्हा कडेला येतो, म्हणजे नमुन्याची आवृत्ती पुरी झाली.

हाच नमुना आराखड्यात पाहिला की नवशिक्यांचा गोंधळ उडतो. तेथे ओळी आडव्या असतात, आणि लालाच्या त्या सात गाठी चार ओळींत विभागलेल्या असतात. शिवाय पहिल्याच ओळीत लालाबरोबर निळ्याच्याही दोन गाठी दाखवलेल्या असतात, ज्या तोंडी शिकवणीत येतच नाहीत. दोन्ही रीती बरोबर आहेत. आराखड्याप्रमाणे केल्यास पट्टीचा आरंभ सरळ कडेचा होतो. ‘व्ही’मागून ‘व्ही’ घातल्यास वर मध्यभागी गाठ नसलेली त्रिकोणी फट राहते. नियम एवढाच, की वर्तुळात येणारे दोन्ही दोरे आपल्या वरच्या गाठींतून मोकळे झालेले असले पाहिजेत. मग ती गाठ आडव्या क्रमाने मारा वा तिरप्या. गोव्यातील शिगम्यात गोफ नाचताना रंगीत पट्ट्या हाती घेतलेले नर्तक एकमेकांना ओलांडत जातात आणि वर वेणी तयार होते, तशीच ही वाटांची अदलाबदल. फरक असा, की गोफ उलट्या पावलांनी उलगडतो. गाठ तशी उलगडत नाही, एकेक सोडवावी लागते.

आवृत्ती संपताना दोरे मूळ क्रमाला आले पाहिजेत, ही आराखडा शुद्ध असल्याची कसोटी होय. क्रम जुळला नाही तर आकृती तीच राहून रंग सरकत जातात. काही नमुन्यांत हे हेतुपुरस्सर केलेले असते, पुष्कळ नमुन्यांत नसते.

दुसरे कुळ ‘अल्फा’ आराखड्यांचे. अक्षरे, नावे, हृदय, मांजर अशी चित्रे त्यात काढतात. आराखडा चौकटीच्या कागदासारखा असतो आणि प्रत्येक चौकट म्हणजे एक गाठ. एक लांब पुढारी दोरा डावीकडून उजवीकडे व पुढच्या ओळीत उजवीकडून डावीकडे असा नागमोडी फिरतो. बाकीचे दोरे उभे असतात. पार्श्वभूमीचा रंग हवा तेथे पुढारी उभ्या दोऱ्यावर गाठ मारतो, चित्राचा रंग हवा तेथे उभा दोरा पुढाऱ्यावर. त्यामुळे जाताना पार्श्वभूमीची गाठ फॉरवर्ड असते, परतीच्या ओळीत तीच बॅकवर्ड होते, आणि चित्राच्या गाठीचे नेमके उलट. हे ध्यानात न ठेवता चौकटीला एकच गाठ ठरवून टाकणाऱ्यांची दुसरी ओळ हटकून बिघडते. पुष्कळ आराखडे आडवे छापलेले असतात. गाठी मारताना कागद उभा फिरवून घ्यावा लागतो. पुढारी दोरा इतरांच्या कितीतरी पट खर्ची पडतो व मध्येच नवा जोडावा लागतो.

उगम व प्रसार : या विषयी मतभेद आहेत. लोकप्रिय लेखनात मैत्रीबंधाचा उगम मध्य अमेरिकेतील आदिवासी समाजांत सांगतात. मैत्रिणीने बांधलेली पट्टी झिजून आपोआप तुटेपर्यंत काढायची नाही, म्हणजे मनातील इच्छा पुरी होते, ही समजूतही त्यांचीच मानली जाते. अशीच समजूत ब्राझीलमधील साल्व्हादोर शहरात बॉनफिमच्या चर्चच्या फितींबाबत आहे. त्या तीन गाठी मारून मनगटावर बांधतात आणि प्रत्येक गाठीला एक इच्छा मागतात. तेथे फीत विणलेली व छापील असते. त्यामुळे साम्य समजुतीत आहे, तंत्रात नाही.

ग्वातेमालाच्या पर्वतीय प्रदेशातील माया स्त्रियांचे वस्त्रकाम ख्यातनाम आहे, पण ते प्रामुख्याने कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावरचे विणकाम होय. आतित्लान सरोवराकाठच्या पानाहाचेलसारख्या बाजारांत प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या मनगटपट्ट्यांत विणलेल्या, गुंफलेल्या व गाठींच्या अशा तिन्ही जाती आढळतात. ग्वातेमालात १९६० ते १९९६ या काळात यादवी युद्ध झाले. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये मृत व बेपत्ता झालेल्यांची संख्या दोन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज दिला. ओळख पटलेल्या बळींत बहुसंख्य माया होते. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत याविरुद्ध निदर्शने झाली. धार्मिक गटांनी तेव्हा या पट्ट्या तेथे आणल्या व त्यांतूनच त्या शाळकरी मुलांत पसरल्या, असे सांगितले जाते.

तंत्राचा पुरावा मात्र दुसरीकडे बोट दाखवतो. मॅक्रमे या गाठकामाचा आरंभ ॲसिरियन शिल्पांतील झालरींपर्यंत नेण्याचा प्रघात आहे. निनेव्ह येथील शिल्पपटांत वस्त्रांना झालरी आहेत हे खरे. त्या गाठवलेल्या की नुसत्या पिळलेल्या, हे दगडावरून ठरवणे कठीण आहे. कापड मागावरून उतरवल्यावर ताण्याची (उभ्या धाग्यांची) उरलेली टोके अरब विणकरांनी गाठवण्यास सुरुवात केली आणि ही कला स्पेनमार्गे इटलीत पोचली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लिग्युरियातील कियावारी येथे टॉवेलांच्या गाठवलेल्या झालरींची परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील मध्यमवर्गीय घरांत मॅक्रमे लेसची टूम होती, तर जहाजांवरील खलाशी फावल्या वेळात पट्टे व बाटल्यांची आवरणे गाठवीत.

अल्फा आराखड्यांचे मूळ तुलनेने निश्चित सांगता येते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्हालेंतिना काव्हांदोली या शिक्षिकेने तूरिन येथील बालगृहातील मुलांना दोन रंगांचे घट्ट गाठकाम शिकवले. चौकटीचा आराखडा, नागमोडी फिरणारा एक दोरा आणि आडव्या-उभ्या गाठींचे रंग ही त्याची सर्व अंगे अल्फात जशीच्या तशी आहेत. मॅक्रमेच्या परिभाषेत ‘काव्हांदोली काम’ हे नाव आजही चालते, मैत्रीबंध करणाऱ्यांना मात्र ते बहुधा ठाऊक नसते. १९६०–७० च्या दशकांत अमेरिकेत मॅक्रमेचे पुनरुज्जीवन झाले. पुढे ग्वातेमालाच्या पट्ट्यांची फॅशन आली, तेव्हा गाठी शिकवू शकणारे लोक तेथे आधीपासून होते. वस्तू दक्षिणेकडून आली आणि रीत बव्हंशी मॅक्रमेची, असे मानणे सयुक्तिक ठरेल. पेरूतील किपूंशी, म्हणजे इंका लोकांच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांशी, जोडलेले नाते निराधार आहे. त्या गाठी संख्यांच्या नोंदी होत्या. अमेरिकन अभ्यासक लेलँड लॉक यांनी १९१२ मध्ये त्यांतील दशमान पद्धती उलगडून दाखवली.

महाराष्ट्रात हातावर दोरा बांधण्याच्या चाली जुन्या आहेत : राखी, नाडाछडी आणि अनंत चतुर्दशीच्या व्रतातील चौदा गाठींचा अनंताचा दोरा. अनंताच्या दोऱ्यात गाठींची संख्या महत्त्वाची; रंगांची नक्षी नसते. दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्यांच्या कामातही रेशमाच्या गाठी येतात. यांपैकी कशाचाही मैत्रीबंधाशी ऐतिहासिक संबंध जोडता येत नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी साजऱ्या होणाऱ्या फ्रेंडशिप डेमुळे ‘फ्रेंडशिप बँड’ शाळा-महाविद्यालयांत पोचला, तो बहुधा साटिनच्या फितीच्या व रबराच्या रूपात (संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये ठरवलेला मैत्रीदिन ३० जुलैला येतो). हाताने गाठवलेली पट्टी त्यामानाने विरळा. ती करणारे आराखडे इंटरनेटवरून उतरवून घेतात, आणि गाठींची नावे फॉरवर्ड, बॅकवर्ड अशीच चालतात.