‘चार जीबीचं कार्ड’ म्हणजे वेगवान कार्ड नव्हे

मुलासाठी स्वस्तातला गेमिंग पीसी जुळवताना हमखास मिळणारा सल्ला: "दोन जीबी नको, चार जीबीचं ग्राफिक्स कार्ड घ्या, गेम पळतील." हे खरं नाही. जीबी म्हणजे कार्डावरच्या मेमरीची जागा. वेग ठरतो चिपवर आणि मेमरीच्या बँडविड्थवर, म्हणजे मेमरी सेकंदाला किती डेटा हलवते त्यावर. टाकी मोठी, पण नळ अर्ध्या इंचाचा, तर बादली भरायला वेळ लागणारच.

२०१४ सालचं जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड बघा. त्याची ४ जीबी डीडीआर३ (जुन्या, संथ प्रकारची मेमरी), ६४ बिट (मेमरीच्या वाटेची रुंदी) आवृत्ती सेकंदाला जेमतेम १४.४ जीबी डेटा हलवते. त्याच नावाची २ जीबी जीडीडीआर५ (वेगवान प्रकारची मेमरी) आवृत्ती ४० जीबी. जीटीएक्स १६५० या कार्डामध्येही मेमरी ४ जीबीच, पण वेग १२८ जीबी! म्हणून खोक्यावर आधी ‘डीडीआर३’ लिहिलंय का ते पाहा. असेल तर खोका परत ठेवा.

कार्डाचं बजेटच नसेल तर रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. त्यातलं अंगचं ग्राफिक्स या ७३०पेक्षा सरस आहे. मात्र रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या. १६ जीबीची एकच पट्टी लावली की बँडविड्थ सेकंदाला ५१.२ जीबीवरून २५.६ जीबीवर येते आणि गेम अडखळतो. रॅमचे चार स्लॉट असलेल्या मदरबोर्डावर पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात. पुढे कधी कार्ड घातलंत तर मॉनिटरची केबल बोर्डावरून काढून कार्डाला लावा. ती बोर्डालाच राहिली, तर "नवीन कार्ड चालतच नाही" अशी तक्रार ठरलेली.