प्रोबायोटिकने फुप्फुसाचा कर्करोग बरा होत नाही

‘आतड्यातले चांगले जिवाणू वाढवा, फुप्फुसाचा कर्करोग बरा होतो’ हा दावा कित्येक वर्षं फिरतोय. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो जास्त घातक.

२०१८ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात फ्रेंच संशोधकांचा अभ्यास आला. इम्युनोथेरपी म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा ब्रेक काढणारं औषध. फुप्फुस, मूत्रपिंड वगैरेंच्या कर्करोगात हे औषध घेणाऱ्या ज्या रुग्णांना त्याच सुमारास अँटिबायोटिक्स दिली होती, त्यांना फायदा कमी झालेला दिसला. ज्यांना गुण आला, त्यांच्या विष्ठेत अकरमॅन्सिया हा जिवाणू जास्त सापडला. ती विष्ठा उंदरांच्या आतड्यात सोडल्यावर तिथेही औषध अधिक लागू पडलं! म्हणजे जिवाणू औषधाला साथ देतात; गाठीवर हल्ला करतात त्या आपल्याच पेशी.

आणि प्रोबायोटिकचं, म्हणजे चांगले जिवाणू असलेल्या गोळ्यांचं काय? २०२१च्या एका अभ्यासात मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) झालेल्या उंदरांना बाजारातली प्रोबायोटिक दिली, तर इम्युनोथेरपीचा परिणाम उलट घटला. त्यामुळे उपचार चालू असताना अशी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तसंच, न्यूमोनियासाठी अँटिबायोटिक लिहून दिलं असेल, तर जिवाणूंच्या काळजीने ते टाळू नका. तो संसर्ग जिवावर बेतू शकतो.