गाडीचा खर्च टाकायचाय? मग आधी मीटरचा फोटो

दरवर्षी जून-जुलै आला की आमच्या टॅक्स सल्लागार ऑफिसात रिटर्नसाठी कॅरीबॅगा यायला लागतात. आत पेट्रोलच्या स्लिपा, गॅरेजची दोन-चार बिलं, मधेच किराण्याची यादी, आणि सोबत ठरलेलं वाक्य, "साहेब, गाडीचा सगळा खर्च टाकून द्या." स्लिपा सांभाळल्या हे चांगलंच केलं, त्यातल्या निम्म्या कोऱ्या झालेल्या असतात ती गोष्ट वेगळी (पंपाची स्लिप डॅशबोर्डवर उन्हात राहिली की अक्षरं उडतात, त्यामुळे घेतली की लगेच फोटो काढत जा). पण आम्ही विचारतो, गाडी वर्षभरात एकूण किती चालली आणि त्यातली धंद्यासाठी किती, की मग सगळे पंख्याकडे बघायला लागतात.

घोळ तिथेच होतो. पावत्या असतात, किलोमीटर नसतात.

यूट्यूबवर बघून बरेच जण विचारतात, किलोमीटरमागे अमुक रुपये असं धरता येत नाही का. ते व्हिडिओ अमेरिकेचे, तिथे २०२५ साठी मैलाला ७० सेंट असा सरकारी दर होता. आपल्याकडे धंदेवाल्याला असा ठरलेला दर नाही. जो खरा खर्च झाला तो, आणि गाडी घरच्यांसाठीही फिरत असेल तर त्यातला धंद्याचा हिस्सा तेवढाच. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ३७ आणि ३८ मध्ये होतं, १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायदा लागू झाल्यावर कलमांचे नंबर बदलले, पण मुद्दा तोच.

आता हिशोब बघा. समजा तुमचं नाशिकच्या अंबडला वर्कशॉप आहे आणि कार तुमच्याच नावावर. १ एप्रिलला मीटर ४१,२०० आणि ३१ मार्चला ५९,२००, म्हणजे गाडी १८,००० चालली. डायरीप्रमाणे सातपूर, सिन्नर, मालेगावच्या पार्ट्यांकडच्या फेऱ्या मिळून १२,६००. हे झाले ७० टक्के. पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग मिळून दीड लाख गेले असतील तर १,०५,००० खर्चात. गाडीची वहीतली किंमत ८ लाख असेल तर १५ टक्क्यांनी घसारा (गाडी जुनी होते त्याची दरवर्षीची वजावट) १,२०,०००, त्याचे ७० टक्के ८४,०००. एकूण १,८९,००० वजा. डायरीच नसेल तर हा ७० चा आकडा आम्ही आणायचा कुठून?

मग म्हणतात, "दुसरीकडे तर शंभर टक्के टाकतात." टाकत असतील. पण घरात एकच गाडी, सुट्टीत तिनेच त्र्यंबकला जाऊन आलात, आणि नोटीस आली की उत्तर द्यायला आम्हीच बसणार ना. म्हणून आम्ही शंभर टाकत नाही, आणि घर ते दुकान रोजची फेरीसुद्धा धंद्यात धरत नाही, थोडं कमी मिळालं तरी चालेल पण वाद नको.

आणि जुलैमध्ये बसून मागच्या वर्षाची डायरी लिहून द्या असं प्लीज सांगू नका. एक भाऊ स्वतःच लिहून घेऊन आले होते, बारा महिने एकच पेन, एकच अक्षर, सगळे आकडे शून्यावर संपणारे. त्यात ज्या दिवशी गाडी पिंपळगाव बसवंतला दाखवली होती त्याच दिवशी त्याच वेळेला फास्टॅगवर घोटीचा टोल कटलेला. आम्ही ती डायरी तशीच परत दिली.

डायरीत फार काही लागत नाही. तारीख, कुठून कुठे, कोणाकडे कशासाठी, निघताना मीटर, आल्यावर मीटर. रोज एक ओळ, अर्धा मिनिट. फास्टॅगचं स्टेटमेंट आणि सर्व्हिसिंगचं जॉबकार्डही ठेवा, जॉबकार्डावर मीटरचं रीडिंग असतं, हे सगळं डायरीशी जुळलं की डायरीवर कोणी बोट ठेवत नाही.

बाकी नेहमीचे प्रश्न पटकन. गाडीचा हप्ता पूर्ण खर्चात जात नाही, फक्त व्याज, तेही धंद्याच्या हिश्श्यापुरतं. द्वारका चौकात सिग्नल तोडल्याचं ई-चलन तर अजिबात नाही. गॅरेजवाल्याला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो सगळाच खर्च बाद होतो, म्हणून ऑनलाइन द्या. पाच सीटर कारवरचं जीएसटी क्रेडिट (खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घेणं) साधारणपणे मिळत नाही, मालाच्या टेम्पोवर मिळतं. कार साधारण ३ ऑक्टोबरनंतर घेऊन वापरायला काढली तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. गाडी मिसेसच्या नावावर असेल तर आधी बोला. आणि जे उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून रिटर्न भरतात त्यांना गाडीचा खर्च वेगळा वजा मिळतच नाही, त्यांनी या डायरीच्या नादी लागू नये, मात्र कोणती पद्धत परवडते ते एकदा आमच्याकडून काढून घ्या, त्याचे पैसे लागत नाहीत.

छापील डायरी काउंटरवर फुकट ठेवलीय, एका गाडीला एक. वार्षिक पॅकेजवाल्यांची डायरी आम्ही दर तीन महिन्यांनी तपासून देतो, बाकीच्यांना त्याचा वेगळा चार्ज आहे आणि कॅरीबॅग निवडायचा त्याहून जास्त. १ एप्रिलला सकाळी आमचा व्हॉट्सॲप मेसेज येईल, त्याला गुड मॉर्निंग नको, मीटरचा फोटो पाठवा, गाडी बाहेरगावी असेल तर ड्रायव्हरकडून मागवा.