पात संपली की बांधावर टेकायचं

खुरपायला गेलेल्या बाया काम कशा करतात, हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. प्रत्येकीची आपापली पात, म्हणजे वाट्याला आलेली पिकाच्या ओळींची पट्टी, असते. पात धरली की मान खाली. गप्पा चालल्या तरी खुरपं थांबत नाही. पात बांधाला लागली की कंबर सरळ करायची, दोन घोट पाणी प्यायचं आणि पुढची पात धरायची. या टेकण्याला गावात कुणी कामचुकारपणा म्हणत नाही.

अभ्यासाला मात्र आपण हा न्याय लावत नाही. माझी भाची लातूरला खोली करून राहते, नीटची तयारी करते. दिवाळीत भेटली तेव्हा रडवेली झाली होती. "मामा, दहा-दहा तास बसायले, पण डोक्यात काहीच शिरंना." तिचं जीवशास्त्राचं पुस्तक पाहिलं. पानंच्या पानं पिवळ्या हायलायटरनं रंगवलेली, एकही ओळ कोरी नाही. वाचताना लक्ष उडालं की हात रेघ ओढत राहतो, त्याची ती खूण. अभ्यासिकेत कोण किती तास बसलं याची चढाओढ असते आणि मध्येच उठणाऱ्याकडे सगळे माना वळवून बघतात. या 'तास मोजण्या'नं आपल्या पोरांचं फार नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्रान्चेस्को चिरिल्लो हा इटलीतला विद्यार्थी १९८०च्या दशकाच्या शेवटी याच अडचणीत होता. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि ते वाजेपर्यंत एकच काम करायचं ठरवलं. त्यातून २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती आणि अशा चार फेऱ्यांनंतर १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी, अशी पद्धत तयार झाली. टोमॅटोला इटालियन भाषेत पोमोदोरो म्हणतात, म्हणून हे पोमोदोरो तंत्र. आपल्याकडची घटका २४ मिनिटांची. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं घटिकापात्र पाण्यात सोडलं की तेवढ्या वेळात भरून बुडायचं. दोन्ही आकडे जवळ आले हा योगायोगच, त्यावरून आपल्या पूर्वजांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं असं म्हणायला मी तयार नाही. पण 'घटकाभर' हे माप आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, एवढं खरं.

अर्ध्या तासाच्या आसपास लक्षाचं काय होतं, हे दुसऱ्या महायुद्धामुळे कळलं. रडारच्या पडद्याकडे तासन् तास बघणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या नजरेतून खुणा निसटत होत्या. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं त्यासाठी एक कोरं घड्याळ बनवलं. त्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल टाकायचा आणि क्वचित कधी एकदम दोन. तेवढी दुहेरी उडी टिपायची, बस्स. १९४८ साली छापलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसं जास्त उड्या चुकवू लागली.

असं का होतं? पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणीचा आवाज ऐकू येत नाही. लाइट गेली आणि पट्टा थांबला की मगच जाणवतं, अरे, आवाज चालू होता. एकसारखी येणारी गोष्ट मेंदू हळूहळू गाळून टाकतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या आरिगा आणि येरास यांचं म्हणणं असं की, डोक्यात धरून ठेवलेल्या 'मला हे करायचंय' या हेतूचंही तेच होतं. २०११ साली त्यांनी ८४ जणांवर प्रयोग केला. कंटाळवाणं काम ५० मिनिटं सलग करणाऱ्यांची कामगिरी घसरली. मध्ये दोनदा क्षणभर दुसरं काम दिलेल्यांची टिकून राहिली. हेतू सोडून पुन्हा धरला की तो ताजा होतो.

मला सर्वांत भावलेला प्रयोग टायपिंगचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ३३ जणांना डाव्या हातानं ४१३२४ हे आकडे टाइप करायला लावले. १० सेकंद टायपिंग, १० सेकंद विश्रांती. शास्त्रज्ञ त्या वेळी मेंदूतले चुंबकीय संकेत टिपत होते. २०२१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की, बोटं थांबलेली असताना मेंदू तीच आकड्यांची मालिका आतल्या आत पुन्हा पुन्हा गिरवत होता, तीही सुमारे २० पट वेगानं. सुरुवातीच्या शिकण्यात वेग वाढला तो मुख्यतः या रिकाम्या सेकंदांत. टायपिंगच्या क्लासला मास्तर "हात थांबवू नका" म्हणून ओरडायचे, ते आठवून मला हळहळ वाटते.

वाचलेलं लक्षात राहण्याचंही तसंच. एडिंबरातल्या संशोधकांनी ज्येष्ठ माणसांना गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत शांत बसवलं, दुसरीनंतर दहा मिनिटं चित्रांतले फरक शोधायचा खेळ दिला. आठवड्यानंतरही शांत बसण्याआधीची गोष्ट जास्त आठवली. म्हणून पाच मिनिटांच्या सुट्टीत रील बघणं म्हणजे विसावा नव्हे. नुकतं पेरलेल्या वाफ्यावरून गुरं नेण्यासारखं आहे ते. गजरासाठीही मोबाइल नको, हातात आला की सुटत नाही. शंभर-दोनशे रुपयांचं टेबलावरचं घड्याळ पुरतं. उठा, माठातलं पाणी प्या, कडुलिंबाखाली चार पावलं चाला, लांबवर नजर टाका.

पण भलते दावेही नकोत. छोट्या विश्रांतीवरच्या २२ अभ्यासांचा एकत्र आढावा २०२२ साली रोमानियातल्या संशोधकांनी घेतला. दहा मिनिटांपर्यंतच्या सुट्टीनं उत्साह वाढतो, थकवा कमी होतो. बौद्धिकदृष्ट्या अवघड कामांत मात्र तेवढ्या सुट्टीनं कामगिरी उंचावल्याचं दिसलं नाही. मेंदू खरोखर दमला असेल तर पाच मिनिटं पुरत नाहीत. तिथं जेवण, झोप, मोठी सुट्टीच लागते. रात्रीची झोप कापून घटका वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि २५ हा काही देवानं दिलेला आकडा नाही. भाचीनं महिनाभर करून बघितलं. जीवशास्त्राला २५ मिनिटं बरोबर बसतात, पण भौतिकशास्त्राची गणितं रंगात येतात तेव्हाच गजर वाजतो, म्हणून तिथं तिनं ४५ मिनिटं ठेवली आहेत. दर फेरीच्या शेवटी पुस्तक मिटून आठवेल ते कागदावर उतरवते. हायलायटर आता पेटीत पडून आहे. मध्येच काही सुचलं, कुणाला फोन करायचा राहिला, तर वहीच्या मागच्या पानावर एक शब्द लिहून ठेवते आणि पुन्हा पातीला लागते.

एक अडचण उरते. नीटचा पेपर १८० मिनिटांचा, सलग. तिथं बांध येत नाही. म्हणून आठवड्यातले सहा दिवस घटका-विसावा आणि रविवारी दुपारी दोन ते पाच मध्ये न उठता पूर्ण सराव पेपर, असं तिनं ठरवलंय. पहिल्या रविवारी दुसऱ्या तासातच तिचं लक्ष उडालं. तिनं त्या प्रश्नाच्या कडेला पेन्सिलनं वेळ लिहून ठेवली: ३.४०. पुढच्या रविवारी ती खूण कुठं सरकते, ते बघायचं आहे.