अल्बर्टात समलिंगी विवाहाला बंदी? नाही!

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतानं समलिंगी विवाह कायमचा रोखलाय, असं अजूनही ऐकू येतं. खोटं आहे, पण अगदीच निराधार नाही. २००० साली प्रांतानं 'विवाह स्त्री-पुरुषाचाच' असा कायदा करून त्याला कॅनडाच्या हक्कांच्या सनदेतल्या कलम ३३चं कवच चढवलं, म्हणजे सनदेतल्या काही हक्कांना बाजूला ठेवूनही कायदा लागू ठेवायची मुभा. हे कवच पाचच वर्षं टिकतं, आणि केंद्र-प्रांतांच्या अधिकारवाटपापुढे तर ते मुळीच चालत नाही. लग्न कोणाचं होऊ शकतं हे केंद्र ठरवतं. प्रांताकडे परवाने आणि नोंदणी. डिसेंबर २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. २० जुलै २००५ला समलिंगी विवाहाला देशभर मान्यता देणारा केंद्राचा कायदा लागू झाला. आधी दंड थोपटणारे अल्बर्टाचे तेव्हाचे सरकारप्रमुख राल्फ क्लाइन यांनीही अखेर नाइलाजानं माघार घेतली.