निर्वासित महिलांसाठी स्वतः घ्यायचा एचपीव्ही स्वॅब

अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालियातून ऑस्ट्रेलियात आलेल्या कित्येक निर्वासित महिलांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदाही झालेली नसते. त्यातली एखादी लैंगिक अत्याचार सोसून आलेली असते, एखादीची लहानपणीच खतना झालेली असते. अशीला पहिल्याच भेटीत टेबलावर झोपवून स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत पाहायचं साधन) घालायला गेलं, तर ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढेलच असं नाही.

1 जुलै 2022 पासून तिथे 25 ते 74 वयाच्या महिलांना एचपीव्हीच्या, म्हणजे हा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूच्या, चाचणीसाठी स्वतः नमुना घेता येतो. पडद्याआड जायचं, स्वॅबच्या मऊ टोकाला हात न लावता तो योनिमार्गात सुमारे 5 सेंमी सरकवायचा, 20 ते 30 सेकंद हलकेच फिरवायचा आणि नळीत परत ठेवायचा. गर्भाशयमुखापर्यंत पोचायची गरज नाही. पीसीआर चाचणीला विषाणूचा अंशही पुरतो, म्हणून हा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. मात्र संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर स्वॅबवर भागवू नये. डॉक्टरांनी आतून तपासायलाच हवं.

ही चाचणी एकदाच झाली तरी वाया जात नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1,31,746 महिलांच्या अभ्यासात (2009) एकाच एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. अर्थात, दोष सापडलेल्यांवर पुढे उपचारही झाले, म्हणून.

आणि गाडी अडते ती इथेच. एचपीव्ही 16 किंवा 18 हे जास्त धोक्याचे प्रकार निघाले तर थेट कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी. दुसरा प्रकार निघाला तर बाईला परत बोलवावं लागतं, कारण स्वतः घेतलेल्या स्वॅबवरून पेशी तपासता येत नाहीत. म्हणजे टाळलेला स्पेक्युलम तेव्हा येतोच. हे आधी सांगितलं नसेल तर तिला फसवल्यासारखं वाटतं.

‘विषाणू सापडला’ ऐकून घरात नवऱ्यावर किंवा तिच्यावर संशय सुरू होतो. विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो आणि तो सापडणं म्हणजे कर्करोग नव्हे, हे स्वॅब हातात देण्यापूर्वीच बोलावं. तेही दुभाषीमार्फत, नवऱ्याला किंवा मुलीला मध्ये घालून नव्हे. समाज लहान असेल तर दुभाषी ओळखीचीच निघते. तेव्हा फोनवरची, दुसऱ्या शहरातली बाई मागावी आणि रुग्णाचं नाव घेऊ नये.

नोंदीतही घोळ होतात. कागदपत्रं नसल्याने अनेकींची जन्मतारीख 1 जानेवारी लिहिलेली असते, नावाचं स्पेलिंग दर कार्यालयात वेगळं. नमुन्यावर मेडिकेअर (तिथली सरकारी आरोग्य योजना) क्रमांक पडताळून लिहावा आणि निकाल इंग्रजी पत्राच्या भरवशावर न सोडता दुभाषीला सोबत घेऊन फोनवर कळवावा. कॉल्पोस्कोपी ठरली, तर तारखेसोबत त्या दिवसाची दुभाषीही तेव्हाच ठरवून टाकावी.