खाडीकाठच्या पायवाटा, नवी मुंबई

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत बांध, धारण तलाव, कांदळवने आणि जुनी कोळी-आगरी गावठाणे यांच्या कडेने जाणाऱ्या सपाट वाटा. सगळ्या जोडून एक सलग मार्ग होत नाही. कुठे नाला आडवा येतो, कुठे सोसायटीची भिंत, कुठे नुसता चिखल. म्हणून लोक त्या तुकड्यातुकड्यांनी चालतात आणि प्रत्येक तुकड्याला जवळच्या गावाचे, तळ्याचे किंवा जेट्टीचे नाव आहे. चढ जवळजवळ कुठेच नाही. पारसिकचा डोंगर शहराच्या दुसऱ्या अंगाला राहतो.

वाटा सपाट आहेत याचे कारण त्या बहुतेक बांधावरून जातात. नवी मुंबई वसण्याआधी या पट्ट्यात खाजणशेती, मिठागरे आणि मासेमारी होती. खाजणाला भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून वाचवायला मातीचा बांध घालत आणि त्यात ठेवलेल्या उघाडीतून, म्हणजे उघडझाप होणाऱ्या दारातून, पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडत. बांधाला खांड पडली की सगळे गाव चिखलमातीची ढेकळे घेऊन धावे. नवे शहर वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर ते आखले गेले. यातली बरीच जमीन उधाणाच्या पातळीपेक्षा खाली होती. तेव्हा डच पद्धतीचे धारण तलाव खोदण्यात आले. भरतीला झडपांची दारे मिटतात, पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटी लागली की दारे उघडून ते खाडीत जाते. तत्त्व उघाडीचेच, फक्त माप शहराचे. वाशीचे मिनी सीशोर आणि नेरुळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ ही आज सकाळ-संध्याकाळ चालणाऱ्यांनी भरलेली ठिकाणे याच धारण तलावांच्या काठी आहेत. तिथे फेऱ्या मारणाऱ्या किती जणांना आपण पूरनियंत्रणाच्या यंत्रावर चालत आहोत याची कल्पना असेल, हा प्रश्नच आहे.

या वाटांवर कधी जावे हे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी ठरवते. रोहित, म्हणजे सगळे ज्याला फ्लेमिंगोच म्हणतात तो पक्षी, ओहोटीला खाडीच्या मधल्या उघड्या चिखलपट्ट्यांवर चरत असतो. काठावरून पाहिले तर दूरवर एक गुलाबी रेघ, त्यापलीकडे काही नाही. भरती चढून चिखलपट्ट्या बुडाल्या की थवे उठतात आणि नेरुळ-सीवूड्सच्या उथळ तळ्यांत येऊन उतरतात. तिथे ते एका पायावर उभे राहून, मान पिसांत खुपसून पाणी ओसरण्याची वाट पाहतात. ओहोटी लागली की परत खाडीत. त्यामुळे ‘सकाळी लवकर जा’ हा नेहमीचा सल्ला इथे अर्धाच खरा ठरतो. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब जास्त कामाचा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दोन्ही पक्षांत हिशेब एकच, आणि दिवसातून दोनदा लागू. खाडीत आत पाणी चढायला थोडा वेळ जास्त लागतो, तेवढे धरून चालावे. दशमी-एकादशीची सकाळ नोकरदारालाही जमते. पौर्णिमेचे उधाण मोठे असते, पण त्यासाठी भर दुपारचे ऊन सोसावे लागते.

पक्ष्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे असा असतो. लहान रोहित आणि मोठा रोहित या दोन्ही जाती येतात. लहान रोहित गडद गुलाबी, त्याची चोच काळपट लाल. मोठा रोहित उंच, फिकट, चोच गुलाबी पण टोकाला काळी. करडी दिसतात ती पिल्ले, आजारी पक्षी नव्हेत. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. लहान रोहिताचे मुख्य खाद्य नीलहरित शेवाळ. खाडीत वर्षानुवर्षे सोडलेल्या सांडपाण्याने हे शेवाळ माजले आणि पक्ष्यांना इथे ताट वाढून मिळाले, असे अभ्यासक मानतात. ही गोष्ट शहराच्या कौतुकात सहसा सांगितली जात नाही. रोहिताखेरीज शेकाट्या, टिटवी, तुतवार, राखी बगळा, पाणकावळा, खंड्या आणि शराटी सहज दिसतात. कांदळवनात सोनेरी कोल्हाही आहे.

सर्वांत समृद्ध तुकडा नेरुळ-सीवूड्सचा. सीवूड्स-दारावे स्थानकातून पश्चिमेला चालत निघाले की पाम बीच मार्ग आडवा येतो. सिग्नल सोडून तो ओलांडू नये, गाड्या तिथे फार वेगात असतात. पलीकडे टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेलगतची पाणथळ, एनआरआय संकुलामागची पाणथळ आणि दिल्ली पब्लिक स्कूलजवळचे डीपीएस तळे अशी तीन पाण्याची ठिकाणे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. चाणक्यच्या बाजूला करावे गाव आहे. तिथला बांध आधी मासेमारांच्या पायांनी मळला, कॅमेरेवाले मागून आले. एका बाजूला तिवरांची दाट रांग, दुसऱ्या बाजूला उथळ पाणी, मागे उंच इमारती. पक्षी काठाजवळ उतरले तर त्यांच्या गुरगुरीचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आवाज बदकासारखा आहे आणि रूपाला मुळीच शोभत नाही.

या तिन्ही ठिकाणांचे भवितव्य मात्र निवांत राहिलेले नाही. एनआरआय संकुलामागच्या पाणथळीवरील गोल्फ मैदान आणि बांधकामाच्या योजनेचा वाद न्यायालयात गेला. डीपीएस तळ्यात भरतीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळे आटले, आणि २०२४च्या हंगामात या परिसरात फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मे महिन्यात खाडीपलीकडे घाटकोपरला विमानाच्या धडकेत थव्यातील तीसहून अधिक पक्षी मेले. शहर स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते आणि चौकांत त्यांचे पुतळे उभारते. पुतळ्यांना अर्थात भरतीच्या पाण्याची गरज नसते.

वाशीचा तुकडा सर्वांत सोपा. सेक्टर १०-अ मधील मिनी सीशोर आणि सागर विहार येथे पक्की वाट, बाके आणि वर्दळ आहे. लहान मुले व गुडघेदुखीवाले यांना हीच जागा बरी. खाडीवरचे पूल इथून दिसतात. पहिला रस्तापूल १९७० च्या दशकात झाला, त्याआधी वाशीगावच्या माणसाला मुंबई समोर दिसे पण ठाण्याला वळसा घालून गाठावी लागे किंवा होडी धरावी लागे. नेरुळकडे जाताना सारसोळे जेट्टी लागते. तिथली वाट छोटी आहे, पण ओहोटीला चिखलात उड्या मारणारे निवटे, एकच नांगी मोठी असलेले खेकडे आणि पाग टाकणारा एखादा माणूस पाहत तासभर सहज जातो. दोऱ्यांनी बांधून ठेवलेल्या होड्यांवर बसून फोटो काढू नयेत. ती कुणाची तरी रोजीरोटी आहे.

ऐरोलीला वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. भरती पाहून तिथून खाडीत बोटफेरी निघते. समोरच्या पश्चिम काठाला, ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य पसरले आहे. २०१५ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर असून त्यातील ८९६ हेक्टर कांदळवन आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातील हे तिसरे रामसर स्थळ.

बेलापूरकडे पाणी पनवेल खाडीचे. किल्ले गावठाणात बेलापूर किल्ल्याचे थोडेच अवशेष उरले आहेत. जवळच दिवाळे कोळीवाडा आणि तिथला मासळीबाजार. ठाणे शहराच्या बाजूने चेंदणी कोळीवाडा व कोपरीतून खाडीकाठ गाठता येतो, पण ठाणेकर फेरफटक्याला मासुंदा, म्हणजे तलावपाळीलाच जातो.

काठावर सर्वाधिक दिसणारे झाड तिवर. त्याची पेन्सिलीएवढी श्वासमुळे चिखलातून हजारोंनी वर आलेली असतात. त्यांवर पाय देऊ नये, झाडाचे नाक तेच. काटेरी पानांची, निळसर फुलांची झुडपे मारांडीची. २००५ मधील मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम व राडारोडा टाकण्यास मनाई आहे. तरी बांधावर चालताना फुटक्या फरशा आणि सिमेंटची ढेकळे पायाखाली येतातच.

बांधावर सावली नसते. फेब्रुवारीनंतर नऊच्या पुढे टोपी आणि पाणी असल्याशिवाय जाऊ नये. भडक कपडे, ड्रोन आणि पक्षी उडावेत म्हणून फेकलेले दगड यांपैकी निदान शेवटची गोष्ट तरी कुणी करू नये. चपलेपेक्षा जुने बूट बरे. कोरडा वाटणारा चिखल वरून कवच धरलेला असतो, त्याखाली पाय पोटरीपर्यंत जातो.

जूनमध्ये पक्षी गेलेले असतात आणि चालणारेही कमी होतात. बांधांवर गवत वाढते, माती निसरडी होते. उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की दारे मिटलेली राहतात आणि धारण तलाव काठापर्यंत भरतो. त्या दिवशी छत्री घेऊन वाशीच्या काठावर उभे राहिले तर झडपेच्या आत गढूळ पाणी आणि बाहेर खाडीचे राखाडी पाणी अशा दोन वेगळ्या पातळ्या एकाच नजरेत दिसतात.